सागरी नकाशावरचा मैल

कामोठ्याच्या इमारतींपलीकडे तिवरांची दाट रांग लागते आणि तिच्यामागें पनवेलची खाडी. ही वाट तांडेलाला डोळ्यांनींच पाठ असते. पण खाडी संपून मुंबई बंदरहि मागें पडलें आणि रात्र झाली, कीं ओळखीच्या खुणा नाहींशा होतात. मग नकाशावर आंखलेल्या रेघेचाच आधार. हे नकाशे भारतीय नौदलाच्या डेहराडून येथील कार्यालयांतून निघतात. समुद्राचे नकाशे डोंगराच्या पायथ्याशीं तयार व्हावेत ही गंमतच.

समजा, मुंबईच्या दक्षिण टोंकाकडील प्रॉंग्स दीपगृहापासून खांदेरी बेटाच्या दीपगृहाची दिशा काढावयाची आहे. समांतर पट्टी दोन्ही ठिकाणांस लावून रेघ ओढावी. नंतर पट्टी न ढळूं देतां नकाशावर छापलेल्या दिशाचक्राच्या मध्यावर न्यावी. कोन सुमारें १७६ अंश भरतो, म्हणजे जवळजवळ थेट दक्षिण. दोन्ही दीपगृहें खडकांवर उभीं असल्यामुळें नौकेची खरी रेघ अर्थातच त्यांना दूर ठेवून आंखतात.

नवशिका फसतो तो अंतर मोजतांना. नकाशाच्या चारी कडांवर अंश आणि कला यांच्या खुणा असतात. पण कर्कटकाचीं टोंकें दोन ठिकाणांवर धरून तीं डाव्या किंवा उजव्या कडेवरच लावलीं पाहिजेत. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वरील अंतर साडेदहा मैलांच्या आसपास निघतें. तासाला सहा मैल जाणाऱ्या नौकेला पावणेदोन तास पुरतात.

वरच्या कडेवर मोजलें तर? रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात. मुंबईच्या १९ अंश अक्षांशावर रेखांशाची कला मैलापेक्षां सुमारें साडेपांच टक्के लहान असते. त्यामुळें २० मैलांवरचा किनारा २१ मैलांवर भासतो आणि अंधारांत खडक अपेक्षेपेक्षां दहा मिनिटें आधींच पुढें उभा राहतो.

बाजूच्या कडेवरहि मोजावयाचें तें त्याच अक्षांशाच्या पातळीला. १५६९ सालीं मर्केटरनें योजलेल्या पद्धतींत दिशेची रेघ सरळ राहावी म्हणून नकाशा उत्तरेकडे ताणलेला असतो. तेव्हां एकाच कागदावर रत्नागिरीजवळचा मैल कच्छच्या मैलाहून आंखूड दिसतो.

आतां उपग्रह नौकेचें स्थान क्षणांत सांगतात, परंतु त्या स्थानाखालीं पाणी किती हें नकाशावरच पाहावें लागतें. खोलीचे आकडे अगदीं खालच्या ओहोटीचे असतात. अधोरेखित आकडा म्हणजे तेव्हां उघडी पडणारी जमीन. परत कामोठ्याच्या चिखलाकडे वळणाऱ्यानें कर्कटक ठेवून आधीं भरतीचें कोष्टक उघडावें.