समुद्र नसलेल्या जिल्ह्यातले खारे पाणी

बुलढाणा जिल्ह्याला किनारा नाही, पण दोन समुद्रांशी त्याचे नाते आहे. मलकापूर-नांदुऱ्याकडून वाहणारी पूर्णा तापीला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. त्याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते. वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून तिचे पाणी बंगालच्या उपसागराला पोचते. म्हणजे घाटावर पडलेला पाऊस एका समुद्राला आणि घाटाखालचा दुसऱ्या समुद्राला. या दोन्ही वाटांनी न जाणारे पाणीही जिल्ह्यात आहे. लोणारच्या विवरात उतरलेला थेंब फक्त वर, आकाशाकडेच जाऊ शकतो.

सागरी जीवशास्त्र शिकायला किनारा हवा अशी आपली समजूत असते. पण खाऱ्या पाण्यातले जीवन कसे चालते, कशाने बिघडते आणि ते राखायचे म्हणजे नेमके काय राखायचे, हे पाहायला महाराष्ट्रात लोणारसारखी जागा नाही. समुद्र इथून सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटर दूर आहे.

विवराची गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून सर्वांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीड शतक भूवैज्ञानिक तिला ज्वालामुखीचे तोंड मानत राहिले. उल्केच्या आघाताची शंका 1896 मध्येच जी. के. गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने घेतली होती, पण पक्का पुरावा 1973 मध्ये आला. प्रचंड दाबाखाली खनिजाची काच होते, तशी काच इथल्या खडकात सापडली. काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे हे विवर बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, आहे. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच असल्याने जगभरच्या ग्रहशास्त्रज्ञांना लोणारचे अप्रूप. त्याचे वय आधी सुमारे 52 हजार वर्षे मानले जाई. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर नेले. फरक लहानसहान नाही.

खरे नवल तळाशी आहे. झरे आणि ओहोळ विवरात पाणी आणतात आणि बाहेर एकही प्रवाह जात नाही. बेसॉल्ट झिजताना सोडियम आणि कार्बोनेट सुटतात. विदर्भाचे ऊन पाणी उडवून नेते आणि क्षार मागे राहतात. तसे पाहिले तर समुद्र असाच खारट झाला: नद्यांनी क्षार आणले, उन्हाने पाणी नेले. पण समुद्रात मिठाचे राज्य आहे, तर लोणारमध्ये त्याच्या जोडीला सोड्याचे. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 8.1 च्या आसपास असतो. लोणारचा 10 च्या घरात जातो. या मापात दोन अंकांचा फरक म्हणजे अल्कधर्मीपणा जवळजवळ शंभरपट. एकूण क्षार मात्र आज समुद्रापेक्षा कमी आहेत.

हा खार एके काळी मोठ्या व्यापाराचा माल होता. आईन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख काच आणि साबण यांच्या जिन्नसांसाठी आणि त्यावरच्या उत्पन्नासाठी आला आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर क्षाराचे पापुद्रे उरत. ते गोळा करून विकले जात आणि त्यांच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती. मेहकर-लोणारच्या जुन्या अर्थव्यवस्थेत या पापुद्र्यांना किती मोल होते, हे आज पापडखाराची पुडी दुकानातून आणणाऱ्याला कळणार नाही.

एवढ्या सोड्यात जगते कोण? पिढ्यान्‌पिढ्या या तळ्यात मासा नव्हता. पण पाण्याचा हिरवा रंगच सांगतो की ते ओसाड नाही. तो रंग मुख्यतः आर्थ्रोस्पायरा या नीलहरित सूक्ष्मजीवाचा आहे. औषधांच्या दुकानात स्पिरुलिना म्हणून महाग गोळ्या मिळतात, तो हाच. पूर्व आफ्रिकेतल्या नाकुरू, बोगोरिया यांसारख्या सोडा-सरोवरांत लहान रोहित पक्षी याच जीवावर जगतात. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गुलाबी चादर पसरणाऱ्या थव्यांत हीच जात बहुसंख्य असते. लोणारलाही रोहित उतरल्याच्या नोंदी आहेत. खाडी, मिठागरे आणि आतल्या भागातली खारी तळी ही या पक्ष्यांच्या लेखी एकाच जाळ्यातली ठिकाणे आहेत. जाळ्याचा एक धागा तुटला तरी दुसरीकडची गर्दी बदलते.

जून 2020 मध्ये लोणार अचानक गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते, लोक घरात मोबाइल घेऊन बसले होते, आणि फोटो जगभर फिरले. तर्कांना ऊत आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. वन विभागाने नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. तिथे एक साधीच गोष्ट उलगडा करून गेली: नमुना स्थिर ठेवला की रंग तळाशी बसतो आणि वरचे पाणी स्वच्छ दिसते. म्हणजे पाणी रंगलेले नव्हते, पाण्यात राहणारे रंगीत होते. हे हॅलोआर्किया. ते जिवाणूंसारखे दिसतात, पण जीवसृष्टीच्या वेगळ्याच शाखेचे, आणि त्यांना क्षार जितका जास्त तितके बरे. उन्हापासून बचावासाठी ते गुलाबी-लाल रंगद्रव्य बनवतात. उन्हाळ्यात पाणी आटले, क्षार वाढले, ऊब वाढली आणि त्यांची संख्या फुगली. पाऊस पडला, क्षार पातळ झाले, आणि तळे पुन्हा हिरवे झाले. कच्छच्या मिठागरांत लालसर छटा दिसते, तीही त्यांच्याच भाऊबंदांची करणी असते.

गुलाबी रंग हा प्रदूषणाचा पुरावा म्हणून तेव्हा फिरवला गेला. प्रत्यक्षात तो तळे अजून पुरेसे खारे असल्याचा पुरावा होता. लोणारचा घात मीठ करणार नाही, गोडे पाणी करेल.

हे वाक्य दुष्काळी भागात ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात अतिशयोक्ती नाही. विवराच्या काठावर धार नावाचा गोड्या पाण्याचा बारमाही झरा आहे. तो निसर्गाच्या हिशेबातला आहे, तळ्याने त्याच्याशी जुळवून घेतले आहे. कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर तर प्रसिद्धच आहे: एका बाजूला गोडे पाणी, दुसऱ्या बाजूला खारे. अडचण आहे ती वरून येणाऱ्या जास्तीच्या पाण्याची. लोणार गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे विवरात उतरत राहिले. आसपास पाझर तलाव झाले, सिंचन वाढले, आणि जमिनीतून झिरपणारा ओघही वाढला. पाणी वाढले की क्षार पातळ होतात. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद साध्या शेवाळाला खतपाणी घालतात. सोड्यातच तगणाऱ्या जिवांचे कवच मग गळून पडते, आणि कुठल्याही डबक्यात राहू शकणारे जीव आत शिरतात. अलीकडच्या वर्षांत पाणी चढून कमळजेच्या देवळापर्यंत आले, तेव्हा भाविकांची अडचण बातमीत आली. पाण्याचे रसायन बदलते, हा धोका मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत राहिला. या तळ्यात मासे दिसणे हा कौतुकाचा फोटो वाटेल, पण ती वाईट बातमी आहे.

किनाऱ्यावरचे सागरी संरक्षणही याच नियमाने चालते. मालवणच्या सागरी अभयारण्यातली प्रवाळे नदीच्या गढूळ, गोड्या पाण्याच्या लोंढ्याला टिकत नाहीत. कांदळवनाला भरती-ओहोटीचे खारे-गोडे प्रमाण लागते. जात वाचवायची तर आधी तिचे पाणी वाचवावे लागते.

लोणारच्या तळाच्या गाळाने समुद्राशी आणखी एक नाते उघड केले. जर्मन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी इथून सुमारे 10 मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. त्यात गेल्या जवळजवळ 11 हजार वर्षांचा पावसाचा इतिहास थराथरांत साठला आहे. काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक आहेत. पाणी फार आटून क्षार दाटले तरच ते तयार होतात, म्हणून ते दुष्काळाची सहीच म्हणायचे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार मोठे, लांबलेले दुष्काळ दोनदा पडले: एक सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वी, दुसरा सुमारे 2,000 ते 600 वर्षांपूर्वीच्या काळात. त्यांचा संबंध शास्त्रज्ञांनी हिंदी आणि प्रशांत महासागराच्या सीमेवरच्या उबदार पाण्याच्या पट्ट्याशी जोडला. दूरच्या महासागराचे तापमान हलले आणि त्याची नोंद बुलढाण्याच्या चिखलात राहिली! आज हवामानाचे अंदाज तपासायला असे दस्तऐवज लागतात. ते पुन्हा लिहून घेता येत नाहीत.

संरक्षणाची कागदपत्रे मोठी आहेत. 2000 मध्ये परिसराला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर 2020 मध्ये 427 हेक्टर क्षेत्राचा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत समावेश जाहीर झाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे रामसर स्थळ. 2022 मध्ये ठाणे खाडी तिसरे ठरले. रामसरच्या नोंदीत इथे 160 जातींचे पक्षी, 46 जातींचे सरपटणारे प्राणी आणि 12 जातींचे सस्तन प्राणी आहेत, त्यांत लांडगाही आहे. वेड्या बाभळीचे रान काढण्याचे कामही झाले. ते चांगलेच आहे, पण झाडे तोडलेली दिसतात आणि फोटो काढता येतात. जमिनीखालून झिरपणारे पाणी मोजायला नळ्या, नोंदवह्या आणि वर्षानुवर्षांचा धीर लागतो. माझ्या मते पाण्याची पातळी, सामू आणि क्षार यांची नियमित नोंद लोणारमध्ये फलकावर सर्वांना दिसेल अशी लावली पाहिजे. धरणाचा साठा जसा रोज जाहीर होतो, तसा.

लोणारला जाणाऱ्यांना एवढीच विनंती: धारेवर साबण लावू नका, निर्माल्य आणि प्लास्टिक विवरात टाकू नका, आणि वाटाड्याला पाण्याचा सामू किती आहे हे आवर्जून विचारा.