बोटीवरच्या लेकरांची भेट

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्णा, दुधना, कुंडलिका या इथल्या नद्यांचं पाणी गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जातं, आणि मुंबईचं बंदर पश्चिमेला चारशेहून अधिक किलोमीटरवर. तरीही 'पोरगा बोटीवर आहे' असं सांगणारी घरं आता मराठवाड्यातही आहेत. कोकणात खलाशाचं घर पिढ्यान्‌पिढ्यांचं. इथे मात्र मर्चंट नेव्हीत गेलेला मुलगा किंवा मुलगी बहुधा घरातली पहिलीच असते. आईवडिलांनी जहाज पाहिलेलं नसतं. लेकराचं जग त्यांच्यापर्यंत पोचतं ते फोनवरून आणि सुटीत उघडलेल्या बॅगेतून.

पगाराचा पैसा बँकेतून आधीच आलेला असतो. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी श्रम कराराने खलाशाला आपल्या कमाईचा हवा तेवढा भाग घरी पाठवण्याची सोय मिळवून दिली आहे. याच कराराप्रमाणे खलाशाला जहाजावर सलग बारा महिन्यांपेक्षा कमीच काळ ठेवता येतं. म्हणजे घर चालतं दरमहा आलेल्या पैशावर, आणि भेट येते ती माणसाबरोबर, साइन ऑफ झाल्यावर, म्हणजे नोकरीची मुदत संपून तो जहाजावरून उतरल्यावर.

या भेटीची दखल सरकारी नियमांनीही घेतली आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळं कलम होतं. नोकरीचा करार संपवून उतरणाऱ्याला इतर प्रवाशांसारखीच सवलत होती. पण नोकरी चालू असताना बंदरात उतरणाऱ्याला स्वतःसाठी वा कुटुंबासाठी चॉकलेट, चीज, सौंदर्यप्रसाधनं आणि किरकोळ भेटवस्तू आणायची मुभा होती, एकूण किंमत दीड हजार रुपयांपर्यंत. रक्कम लहान, पण खलाशाच्या पिशवीत घरच्यांसाठी काहीतरी असणारच, हे कायद्यानेही मानलं होतं.

बॅगेतून काय निघतं? अत्तराची बाटली, खजुराचा डबा, दुखऱ्या गुडघ्यांसाठी बाम, रक्तदाब मोजायचं यंत्र, बापासाठी घड्याळ. वस्तू आधी देवापुढे जाते, तिला हळदकुंकू लागतं, मग ती वापरात येते. कधी येतच नाही. चॉकलेटं गल्लीतल्या पोरांत वाटली जातात. घड्याळ शेतात जात नाही, लग्नकार्यालाच मनगटावर चढतं. लेकराने वापरायला आणलेली वस्तू आईबाप दाखवायला ठेवतात, कारण आलेल्या पाहुण्याला पोराविषयी सांगायचं तर हाताशी काहीतरी लागतं.

समुद्रापलीकडची देवाणघेवाण या जिल्ह्याला नवी नाही. केळना नदीकाठचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरल्या शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भग्न भाग मिळाला. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती त्याआधीच, १९३८ मध्ये, इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडली होती. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर. मूर्ती वीतभरापेक्षा किंचित उंच: मधोमध दागिन्यांनी मढलेली स्त्री, हातांत बांगड्यांची रास, पायांत जड वाळे, दोन्ही बाजूंना लहानशा दासी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती मथुरेकडची असावी असंही मत आहे, पण पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी तिचं नातं भोकरदन परिसरातल्या कारागिरांशी जोडलं.

मालाची वाटही माहीत आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक नौकानयनग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जातो असं नोंदलं आहे. भडोचला उतरणाऱ्या मालात मद्य, तांबं, कथील, शिसं आणि पोवळी होती. रोमन लोकांना मोती जितके प्रिय, तितकंच भारतीयांना पोवळं, असं रोमन लेखक प्लिनीने लिहिलं. तो प्लिनीही व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात गेला.

आज ही देवाणघेवाण तशी करता येत नाही. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदी ठरली. प्रवाळखडक, समुद्रघोडे आणि काही शंखशिंपले २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत. परदेशी किनाऱ्यावर प्रवाळाचा तुकडा स्वस्तात मिळाला, तरी आईच्या देव्हाऱ्यासाठी तो उचलू नये. ज्या समुद्रावर आपलं पोट चालतं, त्याचंच अंग तोडून आणलेली वस्तू भेट म्हणून शोभत नाही.

पाँपेईच्या मूर्तीबद्दल इतकं कळलं, तरी ती कुणी कुणाला दिली, विकली की भेट म्हणून नेली, हे तिच्यावर लिहिलेलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत मात्र एका लेकराने हे कोरून ठेवलं आहे. सतराव्या लेण्यातला शिलालेख सांगतो की उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरीतला योनक म्हणजे यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, याने आपला मुलगा धम्मरखित याच्यासह हे लेणं, आतलं चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करवून घेतली, आणि ती आईवडिलांसाठी. मुलखापासून दूर आलेल्या मुलाने पोटच्या पोराला सोबत घेऊन आईबापांच्या नावे डोंगर कोरवला. तीन पिढ्या एका लेखात आल्या. एक उणीव तेवढी राहिली: बापाचं नाव लेखात आहे, आईचं नाही.

भोकरदनच्या कारागिराचं नाव हरवलं, इंद्राग्निदत्ताच्या आईचं लिहिलंच गेलं नाही. जालना, अंबड, परतूर, मंठ्याच्या घरांत आज बोटीवरून आलेल्या ज्या वस्तू आहेत, त्यांचंही हेच होईल. पुढच्या पिढीला घड्याळ सापडेल, ते सिंगापूरचं की दुबईचं, कुणी कुणासाठी घेतलं, हे सांगणारं कुणी नसेल. म्हणून सुटीवर आलेल्या मुलामुलींना एकच सांगणं आहे. बॅग रिकामी झाली की वस्तूच्या तळाशी किंवा डब्याच्या आत एक चिठ्ठी चिकटवा. बंदर, जहाज, तारीख आणि ज्यांच्यासाठी आणली त्यांची नावं त्यावर लिहा. आईचं नाव आधी लिहा.