जुन्या पिकअपचा हिशेब

उजनी जलाशयाच्या काठावरील गावांत दिवस उजाडतो तो गाडी चालू होण्याच्या आवाजाने. कोठे दुधाचे कॅन चढविले जात असतात, कोठे केळीचे घड पाचटाच्या थरावर रचले जात असतात, तर कोठे बर्फात घातलेली मासळी भिगवणच्या किंवा इंदापूरच्या बाजाराकडे निघालेली असते. हा सारा व्यवहार ज्या वाहनावर चालतो त्याच्या कंपनीचे नाव काहीही असो, गावाच्या तोंडी त्याचे नाव एकच, पिकअप. तिच्याहून लहान असेल तर छोटा हत्ती. यांतील कित्येक गाड्या दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या असतात. रंग उडालेला, फाळके तारेने बांधलेले आणि सकाळी चालू करताना पोराटोरांचे खांदे लागलेले, असे त्यांचे रूप असते.

अशा गाडीच्या मालकापुढे वर्षातून दोनदा तरी एकच प्रश्न उभा राहतो. तिच्यावर पुन्हा पैसे घालावेत, की ती फुंकून टाकून नवी घ्यावी? शहरातील माणसाला हा एका कुटुंबाचा खासगी प्रश्न वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. त्यात धरणाचे पाणी आहे, रस्ते आहेत, पतपुरवठा आहे, कायदा आहे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची सुरक्षितताही आहे.

पाण्यामागे धावणारी गाडी

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट असून, त्यातील निम्म्याहून अधिक साठा ‘मृत’ म्हणून गणला जातो. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांत फुगवट्याचे पाणी पसरले. त्यात गावे गेली, नदीकाठच्या काळ्या जमिनी गेल्या, पळसदेवचे प्राचीन मंदिरही पाण्याखाली गेले. उरलेल्या काठावर पुढे उसाचे आणि नंतर केळीचे मळे उभे राहिले. करमाळा तालुक्यातील कंदर परिसराची केळी आज आखाती देशांत जातात.

परंतु या पाण्याने गावे जशी समृद्ध केली तशी तोडलीही. समोरच्या काठावर डोळ्यांना दिसणारे गाव रस्त्याने गाठायचे तर लांबचा वळसा पडतो. याच वळशापायी माणसे होडीत बसतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचे प्राण गेले, ही घटना या भागाच्या विस्मरणात जाणारी नाही. माणूस निदान होडीचा धोका पत्करू शकतो. दीड टन केळी होडीतून जात नाहीत. मालाला वळसा घ्यावाच लागतो आणि त्या वळशाची झीज गाडीच्या हाडांत उतरते.

दुसरी गोष्ट अशी की, गाडीला सर्वांत अधिक काम पडते ते नेमके पैसा आटलेला असतो तेव्हा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकू लागले की शेतकऱ्याला मोटारी, केबल आणि पाईप घेऊन पाण्यामागे जावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. अशा वर्षी जेथे कधी रस्ता नव्हता त्या गाळाच्या जमिनीवरून ही गाडी पाईप ओढत असते. तेथे पाटे तुटतात, क्लच जळतो, सायलेन्सर आपटतो. मळा वाचविण्यासाठी गाडी मोडायची आणि मळ्याच्या उत्पन्नातून ती दुरुस्त करायची, असे हे चक्र आहे. पीक हातचे गेले तर मात्र ते तेथेच थांबते.

दुरुस्तीची परंपरा

खेड्यात जुनी गाडी टिकते याचे श्रेय मालकाच्या काटकसरीइतकेच त्या गाडीच्या रचनेलाही आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण वाहतुकीचा इतिहास पाहिला तर हे ध्यानात येते. महिंद्रांनी १९४७ मध्ये जीप गाड्यांची जुळणी सुरू केली. पुण्याच्या बजाज टेंपोच्या तीनचाकी गाड्या इतक्या रुळल्या की, ‘टेंपो’ हे व्यापारी नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. पुढे १९६९ मध्ये मॅटॅडोर आली, १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली आणि २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी एस आली. या पिढ्यांतील बहुतेक डिझेल इंजिने साधी होती. डिझेल पंप, नोझल, पिस्टन, रिंगा हे सारे हाताने उघडता येण्यासारखे होते. टेंभुर्णी, जेऊर किंवा भिगवणच्या रस्त्यावरील मिस्त्री कानाने दोष ओळखी आणि पान्याने तो काढी. त्याने कोणतीही पदवी घेतलेली नसे; तो दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेला असे.

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज ६’ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि हे चित्र बदलले. हा बदल आवश्यक होता, याबद्दल दुमत असू नये. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. डिझेल मोटारींच्या धुरातील कणांची मर्यादा सुमारे ८० टक्क्यांनी खाली आणली गेली. रस्त्याकडेच्या शाळेत बसलेल्या मुलांच्या फुप्फुसांचा विचार केला तर या बदलाचे मोल कळते.

तथापि, या सुधारणेबरोबर गाडीत आलेली यंत्रणा गावच्या मिस्त्रीच्या हाती राहिलेली नाही. धुरातील काजळी अडवून ठेवणारी गाळणी धूर पुरेसा तापला म्हणजेच काजळी जाळून स्वच्छ होते. लांबच्या सलग प्रवासात ते सहज घडते. मळ्यातून वस्तीवर, वस्तीवरून दूध केंद्रावर अशा थांबतथांबत केलेल्या छोट्या खेपांत ते घडत नाही आणि गाळणी तुंबते. नव्या पंपाचा दाब प्रचंड असतो. डिझेलमध्ये पाण्याचा किंवा मातीचा अंश गेला तर महागडी नोझल निकामी होतात. दोष शोधण्यासाठी पान्याऐवजी संगणक लागतो आणि तो संगणक तालुक्याच्याही पलीकडे असतो. नवी गाडी क्वचित बिघडते हे खरे. पण ती बिघडली की गावात दुरुस्त होत नाही, हेही तितकेच खरे. जुनी वारंवार बिघडते, परंतु बहुधा संध्याकाळपर्यंत पुन्हा रस्त्यावर येते. भरवशाची गाडी म्हणजे न बिघडणारी गाडी, ही शहरी व्याख्या झाली. खेड्याच्या दृष्टीने जी जवळच दुरुस्त होते तीही भरवशाचीच.

हप्ता आणि बिल

आता प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. समजा, नव्या गाडीसाठी ८ लाख रुपयांचे कर्ज ११ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी काढले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १७,४०० रुपये होतो, म्हणजे वर्षाला दोन लाखांहून थोडे अधिक. उलटपक्षी, ३ लाखांना घेतलेल्या जुन्या गाडीवर एका वर्षात इंजिनाचे काम, टायर, बॅटरी आणि किरकोळ दुरुस्ती धरून १ लाख २० हजार खर्च झाले असे मानू. वरवर पाहता जुनी गाडी जवळजवळ ९० हजारांनी स्वस्त पडली.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. गाडी गॅरेजमध्ये दहा दिवस उभी राहिली आणि रोजची कमाई अडीच हजार धरली, तर २५ हजार बुडाले. वाटेत बंद पडल्यामुळे एकदा मासळी खराब झाली आणि एकदा केळीचा कंटेनर चुकून माल पडत्या भावाने द्यावा लागला; त्यात ४० हजार गेले असे धरू. म्हणजे एकूण आकडा १ लाख ८५ हजारांवर गेला आणि नव्याजुन्यातील अंतर २५ हजारांच्या आत आले. शिवाय नव्या गाडीचे हप्ते पाच वर्षांनी संपतात. जुनीचा खर्च मात्र दर वर्षी वाढत जातो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, ते हेच.

मग शेतकऱ्याला हे कळत नाही काय? त्याला ते पुरते कळते. प्रश्न समजुतीचा नसून उत्पन्नाच्या स्वरूपाचा आहे. ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेल्या दिवशी जमा होतो त्या शिक्षकाला किंवा कारकुनाला हप्ता ही सोय वाटते. उसाचे पैसे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत मिळावयास हवेत. प्रत्यक्षात ते कित्येकदा लांबतात. लावणीपासून केळीचा पहिला घड उतरायला वर्षाच्या आसपास काळ जातो आणि त्या दिवशीचा भाव कोणाच्याच हाती नसतो. अशा माणसाला हप्ता ही टांगती तलवार असते. हप्ता चुकला तर गाडी ओढून नेली जाते. दुरुस्ती मात्र पुढच्या महिन्यावर ढकलता येते. जुन्या गाडीचे खरे आकर्षण तिच्या स्वस्ताईत नाही, खर्च पुढे ढकलण्याच्या या सवलतीत आहे.

खरा धोकाही नेमका येथेच आहे. पुढे ढकलता येणाऱ्या दुरुस्तीत ब्रेकचे लायनर असतात, झिजलेले टायर असतात, स्टिअरिंगचे सांधे असतात. गाडी चालू होत नसेल तर मालक धावत मिस्त्रीकडे जातो. ती नीट थांबत नसेल तर तो ‘जपून चालवू’ म्हणतो. मालवाहू गाडीतून माणसे नेण्यास कायद्याची मनाई असली, तरी लग्नसराईत, ऊसतोडीच्या हंगामात आणि पंढरीच्या वाटेवर हौद्यात दाटीने बसलेली माणसे सर्वांनी पाहिलेली आहेत. गरिबीच्या नावाखाली निकामी ब्रेकला अभय देणे ही गरिबांविषयीची कणव नव्हे. कारण त्या हौद्यात बसलेलेही गरीबच असतात.

कायद्याची पट्टी

शासनाचे धोरण याच चिंतेतून आले. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. व्यापारी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र, ज्याला गावात ‘पासिंग’ म्हणतात, घ्यावे लागते. पंधरा वर्षांपुढील वाहनांसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून अनेक पटींनी वाढले. जलाशयाच्या एका काठावरील गाडीवर अकलूजचा एमएच-४५ क्रमांक, तर दुसऱ्या काठावरच्या गाडीवर बारामतीचा एमएच-४२; पण दोन्ही काठांची तक्रार एकच आहे. पासिंगसाठी दिवस मोडतो, खेप बुडते आणि शुल्क भरल्यावर ब्रेकसाठी पैसे उरत नाहीत.

गाडी मोडीत देणाऱ्याला नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के मोडीचे मूल्य आणि नवे व्यापारी वाहन घेताना मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सूट, अशी या धोरणातील आमिषे आहेत. ती नवी गाडी घेऊ शकणाऱ्याच्या उपयोगाची आहेत. जो जुनी देऊन तिच्याहून थोडी कमी जुनी घेणार, त्याच्या पदरात करसवलत पडत नाही. आणि चालती गाडी बाजारात मोडीपेक्षा अधिक किंमत देऊन जाते. सारांश, ज्याची गाडी सर्वांत आधी रस्त्यावरून हटावी असे धोरणाला वाटते, त्याच्यापर्यंत धोरणाचा हात पोहोचत नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे गाडीचे वय नव्हे तर प्रकृती पाहावी. धोरणाचे मूळ तत्त्वही तेच आहे. पण मग तपासणी जवळ हवी. ठरावीक दिवशी तालुक्याच्या ठिकाणी ब्रेक आणि धूर तपासणारे फिरते पथक आले, तर शुल्काचा धाक दाखवून जे साधत नाही ते साधेल.

दुसरी गोष्ट पतपुरवठ्याची. गावची विविध कार्यकारी सोसायटी पिकाला कर्ज देते, बँका नव्या गाडीला देतात; दुरुस्तीला कोणी देत नाही. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांपुरते लहान कर्ज, हंगामावर फेडण्याच्या अटीने आणि थेट गॅरेजच्या बिलावर मिळाले, तर सावकाराचे दार टळेल आणि पुढे ढकललेली दुरुस्ती वेळेवर होईल.

तिसरी गोष्ट मिस्त्रीच्या शिक्षणाची. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. मोटारी आणि शेतीची अवजारे त्याच्या कक्षेत आहेत. हा हक्क कागदावरून टेंभुर्णीच्या गॅरेजपर्यंत यायचा असेल, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या जुन्या मिस्त्र्यांसाठी संध्याकाळचे वर्ग काढले पाहिजेत आणि कंपन्यांनी दोष शोधण्याची साधने व माहिती त्यांना रास्त दरात दिली पाहिजे. आजच्या नव्या गाड्या दहा वर्षांनी याच काठावर तिसऱ्या मालकाकडे येणार आहेत. त्या वेळी त्या उघडणारा माणूस गावात नसेल, तर आजच्या स्वच्छ गाड्या उद्या सर्वांत अधिक धूर ओकतील.

आणि शेवटी मालकाचेही एक कर्तव्य उरते. बैलजोडीच्या काळात शेतकरी बैलाचे खूर रोज पाहत असे. तो दमला की औत सोडीत असे. गाडी मुकी आहे, दमल्याचे ती सांगत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या एखाद्या कोऱ्या वहीत तेल कधी बदलले, ब्रेक कधी पाहिले, गाडी किती दिवस उभी राहिली आणि किती खेपा बुडाल्या, एवढे लिहिले तरी कोणत्या वर्षी गाडी सोडावी याचे उत्तर ती वहीच देईल. धरणाने या काठाला पाण्याचा हिशेब ठेवावयास शिकविले. आता चाकांचा हिशेब ठेवण्याची वेळ आलेली आहे.