कोलकात्याचे सांडपाणी जाते कुठे?

वुजू आणि गुसलसाठी पाणी पाक असावे याची आपण किती काळजी घेतो! पण मोरीतून गटारात गेलेले पाणी पुढे कुठे जाते, हे आपण घरात कधी विचारतो का? साचलेल्या पाण्यात घाण करू नये, ही तर पैगंबर साहेबांची (स.) शिकवण आहे.

1980 च्या दशकात डॉ. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने कोलकात्यात हाच प्रश्न विचारला. शोध घेत ते शहराच्या पूर्वेकडील पाणथळ भागात पोहोचले. तिथले मच्छीमार आणि शेतकरी हे सांडपाणी कित्येक वर्षे वापरत होते.

तिथल्या उथळ तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात. कालव्यातून आलेले सांडपाणी त्यांत सोडून काही दिवस तसेच ठेवतात. कडक उन्हाने रोगजंतू मरतात. सूक्ष्म जीवाणू घाणीचे विघटन करतात, तर शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. मग रोहू, कटला हे मासे त्या पाण्यात वाढतात आणि शहराच्या बाजारात येतात. तळ्यातले पाणी पुढे भातशेतीला मिळते. शहराची घाण अशी हजारो घरांची रोजी बनते, तीही महागड्या यंत्रांशिवाय!

सुमारे 12,500 हेक्टरच्या या परिसराला 2002 मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याआधी 1992 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने इथल्या जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली होती. 2006 मध्ये संरक्षणाचा कायदाही आला. तरीही भराव टाकून बांधकामे होतच राहिली. एक भेरी बुजली, की मच्छीमाराची रोजी जाते आणि पावसाचे पाणी साठण्याची जागाही जाते.

निसर्गाच्या या कारखान्यालाही मर्यादा आहे. घरची घाण तो पचवतो. कारखान्यांची विषारी रसायने आणि जड धातू मात्र त्याला पचत नाहीत. म्हणून सुरुवात आपल्याच मोरीपासून करू या. जुनी औषधे, रंग, वापरलेले तेल गटारात ओतू नये, हे मुलांना सांगू या. आणि गावाजवळचे तळे बुजवून तिथे प्लॉट पडत असतील, तर ‘पडीक जागा आहे’ म्हणून गप्प बसू नये. पाणी अल्लाहची अमानत आहे. नळातले आणि गटारातलेही.