हार्झच्या डोंगरात आम्ही चौदा जण



"आम्हाला पेरूला न्या!" अशी मागणी आमच्या घरातल्या तरुण मंडळींनी केली, तेव्हा वडीलधाऱ्यांना आधी फळवाला पेरूच आठवला. मग समजलं की हा पेरू देश आहे, दक्षिण अमेरिकेतला. लष्करातून सुटलेली आपली मुलं पाठीला पिशवी लावून तिकडे जातात, इंका लोकांची माचू पिचू नगरी चढून बघतात आणि डोंगरातून तारेला लटकून झिपलाइन करतात. पण कुस्को शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंच आहे. इंकांच्या जुन्या वाटेवरची खिंड तर ४२०० मीटरवर! दिमोनाच्या मामांना घराचा दुसरा मजला चढताना धाप लागते. तेव्हा पेरू बाद झाला.

मग भाच्याने नकाशा पसरला. "जुना किल्ला, डोंगरातली पायवाट, झुलता पूल, झिपलाइन, सगळं एकाच ठिकाणी आहे. आणि उंचीही झेपेल अशी." ठिकाण कोणतं? तर जर्मनीतला हार्झ डोंगर.

जर्मनीचं नाव ऐकताच लोदची काकी उठून आत निघून गेली.

हे लहान वाचकांना नीट सांगायला हवं. आपण बेने इस्राएल कोकणातून, मुंबईतून आलो. आपल्या घरातलं कोणी त्या छावण्यांत गेलं नाही. उलट हिटलरच्या तडाख्यातून निसटलेली काही कुटुंबं आपल्या मुंबईत आली होती. त्यांच्या मदतीसाठी १९३४ साली तिथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. पण काकी लग्न होऊन लोदला आली तेव्हा तिची शेजारीण जर्मनीची होती. तिच्या हातावर नंबर होता. काकीला हिब्रू येत नव्हतं आणि तिला मराठी. तरी काकीने तिला चपाती लाटायला शिकवली आणि तिने काकीला बाजारातली हिब्रू शिकवली. आपल्या गावाचं नाव मात्र तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

दोन दिवस काकी कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "येते मी. पण पहिला दिवस तिच्या लोकांसाठी. मग तुम्ही काय त्या तारांवर लटकायचं ते लटका."

असे आम्ही चौदा जण निघालो. सगळ्यात लहान आठ वर्षांची, सगळ्यात मोठे मामा चौऱ्याहत्तरचे. सोबत दशम्या, खोबऱ्याची चटणी, चिवडा आणि तिळाचे लाडू. कोशेरचा प्रश्न आम्ही असा पिशवीतच सोडवला होता!

पहिला दिवस : हाल्बरश्टाट

हार्झच्या पायथ्याशी हे गाव आहे. एकेकाळी इथे यहुद्यांची मोठी, विद्वान जमात नांदत होती. इथले बेरेंड लेहमान (१६६१ ते १७३०) हे सॅक्सनीच्या राज्यकर्त्याचे सावकार. त्यांनी आपल्या पैशाने संपूर्ण तालमूद छापून घेतला. १७१२ साली गावात सुंदर सिनगॉग उभं राहिलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ते जाळलं नाही. त्याचं कारण दयामाया नव्हे! शेजारची लाकडी घरं पेटतील ही भीती होती. मग ते पाडून टाकलं. एप्रिल १९४२ मध्ये गावातल्या उरलेल्या यहुद्यांना कॅथेड्रलच्या चौकात जमवून गाडीत भरलं.

त्या चौकात आता दगडांचं स्मारक आहे, त्यावर नावं कोरलेली आहेत. बेरेंड लेहमान यांच्या नावाचं म्युझियमही २००१ पासून आहे. काकी स्मारकापाशी वाकून एकेक नाव वाचू लागली. अक्षरं रोमन, तिला ती सावकाश लागतात. आम्ही घाई केली नाही. शेजारणीचं पहिलं नाव तिला दोनदा सापडलं. "ही ती नव्हे," ती म्हणाली, "पण नाव तेच." तिने लोदहून आणलेला लहानसा खडा तिथे ठेवला. नातवंडं, जी एरवी क्षणभर गप्प बसत नाहीत, तीही मुकाट उभी राहिली.

दुसरा दिवस : कातळातला किल्ला

ब्लांकेनबुर्ग गावाजवळ रेगेनश्टाइनचा किल्ला आहे. वाळूच्या दगडाचा उंच सुळका, आणि त्याच्या पोटातच खोल्या खोदलेल्या. आत शिरताच मामा ओरडले, "अरे, ही तर आपली कान्हेरी!" खरोखर तसंच वाटलं. बोरिवलीहून कान्हेरीच्या लेण्यांना सहली काढल्याच्या आठवणी मग अर्धा तास चालल्या. फरक इतकाच की कान्हेरीला भिक्षू राहायचे आणि इथे सरदार नि शिपाई.

१६७१ साली प्रशियाने हा किल्ला ताब्यात घेऊन मजबूत केला. १७५७ मध्ये फ्रेंचांनी तो जिंकला. पुढच्याच वर्षी प्रशियाने परत मिळवला आणि पुन्हा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच उद्ध्वस्त केला. बांधलेलं पडलं, खोदलेलं राहिलं. बालमित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा.

तिसरा दिवस : घोड्याची टाप

थाले गावाहून बोडे नदीची घळ सुरू होते. तरुण मंडळी नदीकाठाने ट्रेझेबुर्गपर्यंत सुमारे दहा किलोमीटर चालली. आम्ही वडीलधारे खुर्च्यांच्या रोपवेने रोसट्रापेच्या कड्यावर गेलो.

तिथल्या खडकात एक खळगा आहे. दंतकथा अशी की बोडो नावाचा राक्षस राजकन्या ब्रुनहिल्डेच्या मागे लागला. तिने घोड्यासकट घळ ओलांडून उडी मारली, आणि जिथे घोडा टेकला तिथे खुराची खूण उमटली. राक्षस खाली पडला, त्याच्या नावावरून नदी बोडे झाली.

हे ऐकून काकी हसली, सहलीत पहिल्यांदाच. "म्हणजे यांच्याकडेही टापा आहे!" अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा आहे, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. नबी आकाशात जाताना त्यांच्या रथाची नि घोड्याची खूण तिथल्या खडकावर उमटली, असं आपले वाडवडील सांगत आले. तिथे जाऊन आपण मलिदा करतो, नवस फेडतो. आठ वर्षांच्या नातीने विचारलं, "मग यातली खरी कोणती?" मामा म्हणाले, "ज्या खुणेपाशी आपल्या आजीने नारळ फोडला, ती आपली."

चौथा दिवस : पूल आणि तार

राप्पबोडे धरण जर्मनीतलं सगळ्यात उंच, १०६ मीटर. ते १९५९ साली पूर्व जर्मनीच्या काळात पुरं झालं. त्याच्या शेजारी २०१७ मध्ये लोखंडी दोरांचा झुलता पूल झाला, ४८३ मीटर लांब. पायाखाली जाळी, आणि जाळीखाली शंभरेक मीटरवर पाणी. जवळच झिपलाइन आहे, एक किलोमीटरची. दोघं दोघं शेजारी पोटावर आडवे होऊन पक्ष्यासारखे जातात, वेग ताशी ८५ किलोमीटरपर्यंत.

बारा वर्षांचा नातू पेरूच्या गोष्टीपासून फुशारक्या मारत होता. पट्टे बांधले, त्याची पाळी आली, आणि त्याने खाली पाहिलं. चेहरा पांढरा पडला. "मला नाही जमणार," एवढंच बोलला. पट्टे सोडून तो बाजूला आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. धाकटी मावसबहीण मात्र किंचाळत पलीकडे पोहोचली होती. त्याला ते जास्तच लागलं असणार.

आम्ही काय बोलावं ते सुचेना. काकी उठली. "चल रे, मला पूल ओलांडायचाय. एकटीने भीती वाटते." तो म्हणाला, "तुला पण भीती वाटते?" "मग? मला तर या देशाचीच भीती वाटत होती. आले ना?"

दोघं हातात हात घालून पुलावर निघाले. पूल हलत होता, काकीने डोळे अर्धे मिटलेले. मधोमध दोघं थांबली. मग पलीकडे गेली आणि परतही आली. तो पुढे, ती मागे. झिपलाइनला तो त्या दिवशी गेला नाही. कोणी आग्रहही केला नाही.

शेवटी

शब्बाथ वेर्निगेरोडेला विश्रांतीत काढला. रविवारी वाफेच्या गाडीने ब्रोकेन शिखरावर गेलो. उंची ११४१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पाचशे मीटरने कमी! पण १९६१ पासून हे शिखर सामान्य लोकांना बंद होतं. सरहद्दीवरचं म्हणून तिथे पहारा होता. ३ डिसेंबर १९८९ रोजी लोक चालत वर गेले आणि दरवाजा उघडायला लावला. नातवाने हे सगळं दोनदा विचारून घेतलं.

घरी परतल्यावर काकीने मलिदा केला. पोहे, खोबरं, साखर, फळं, सगळं रीतसर. "सगळे धडधाकट परत आले तर करीन म्हटलं होतं," ती म्हणाली. ताट फिरलं तेव्हा तिने एक वाटी बाजूला काढून ठेवली. कोणासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

आणि नातू? तो आता पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतोय. म्हणतो, "आधी पूल, मग तार."