नट-बोल्टांचे ग्रंथालय

यंत्र लहान असो वा मोठे, त्याचे भाग एकत्र धरून ठेवण्याचे काम नट, बोल्ट, स्क्रू व वायसर हेच करतात. मोहनखेडा ज्या धार जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. इंदूरपलीकडे देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. यंत्रांची आरेखने आता बहुधा संगणकावर होतात. तेथे प्रत्येक बोल्ट नव्याने रेखाटीत बसणे हा व्यर्थ खटाटोप होय. म्हणून अशा भागांच्या तयार आकृत्यांचा संग्रह संगणकात ठेवतात. यासच आम्ही नट-बोल्टांचे ग्रंथालय म्हणतो.

हे शक्य झाले ते मापे ठरल्यामुळे. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांसाठी सर्वांनी एकच पद्धत स्वीकारावी असे सुचविले. भारतात १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरो पाहतो.

ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावतात, तसे येथेही करावे लागते. प्रथम प्रकार, मग मानकाचा क्रमांक, त्यानंतर जाडी व लांबी. प्रत्येक भागास पूर्ण नाव हवे. उदाहरणार्थ, ‘षट्कोनी बोल्ट, आय. एस. १३६४, एम १० × ६०, ८.८’. यात १० ही जाडी व ६० ही लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये; ८.८ हा बळाचा दर्जा होय.

मानकाचा क्रमांक का लिहावयाचा? एम १० बोल्टाच्या माथ्यास आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १६ मिलिमीटरचा पाना लागतो, तर जुन्या जर्मन मानकाप्रमाणे १७ चा. आटे दोहोंचे सारखेच, म्हणून नट बसतो. पण १६ चा पाना १७ च्या माथ्यावर चढत नाही! नुसते ‘एम १०’ लिहिल्यास हा भेद कळावा कसा?

आणखी दोन नियम ध्यानात ठेवावेत. प्रत्येक लांबीसाठी वेगळी आकृती न काढता एकच आकृती व तिला जोडलेला मापांचा तक्ता ठेवावा. तसेच आटे हुबेहूब न कोरता साधा दंडगोल दाखवावा. नाहीतर शेकडो बोल्टांच्या भाराने संगणक मंदावतो.

या संग्रहाचा सांभाळ एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. एकच बोल्ट तीन नावांनी शिरला, तर भागांच्या यादीत तो तीनदा येतो, कोठारात त्याचे तीन खण होतात आणि खरेदीही तीनदा होते.

याचा अखेरचा परिणाम शेतापर्यंत पोहोचतो. ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळी पंपाचा बोल्ट तुटला आणि तो प्रमाणित असला, तर जवळच्या बाजारात मिळतो व पाणी पुन्हा सुरू होते. आरेखकाने विचित्र मापाचा बोल्ट निवडला असेल, तर पीक तहानलेले राहते. म्हणून संगणकातील ही शिस्त केवळ टापटीप नव्हे. दूरच्या, अनोळखी माणसाच्या गरजेची ती आधीच घेतलेली काळजी आहे.