कापसाच्या गाठीमागून महाराष्ट्र

विशीत असताना मी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाली करीत असे. एके दिवशी एका सोबत्याचा पाय गाठीखाली चेचला. त्याच्या हाती त्या दिवसाचा रोज पडला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे काम बंद झाले. दाद मागावी ती कोठे? मुकादमाकडे, तहसीलदाराकडे, की थेट मुंबईस? आम्हां दहाजणांत एकालाही ते ठाऊक नव्हते. आपले राज्य म्हणजे काय, हे मी त्या दिवसापासून शिकू लागलो. माझी शाळा लवकरच सुटली होती. पुढचे वाचनालयाने शिकविले.

प्रथम भूमी पाहू. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. पश्चिमेस कोकणपट्टी, मग सह्याद्री, आणि त्यापलीकडे दख्खनचे पठार. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे लाव्हा थरावर थर पसरला. त्या खडकाची झीज होऊन काळी जमीन झाली. ती ओल धरून ठेवते, म्हणून आपल्याकडे कापूस होतो. गोदावरी व कृष्णा पूर्वेस वाहतात. आपली गिरणा मात्र सह्याद्रीत उगम पावून भडगावावरून तापीस मिळते, आणि तापी पश्चिमेच्या समुद्रास.

कापूस येथला, पण कारखानदारी आणि पैसा यांचा मोठा भाग मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात एकवटला. १९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले. पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या. तरीही शहर आणि खेडे यांचे नाते तुटलेले नाही. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने खेड्यातील माणसास काम मागण्याचा हक्क दिला, आणि त्याच्या खर्चासाठी पगारदारांच्या व्यवसाय कराचा आधार घेतला. शहरातील पगारातून कापलेला रुपया असा गावच्या बंधाऱ्यावर खर्ची पडला.

हे राज्य कोणी आयते दिलेले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले, तेव्हा १ मे १९६० रोजी ते स्थापन झाले. खानदेशाचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. त्यांनाच पुढे जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. २०१४ साली पालघर झाल्यावर राज्यातील जिल्ह्यांची संख्या ३६ झाली.

आता कारभार. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ जागा. विधानसभेस मंत्रिमंडळ जबाबदार असते. खाली जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत. शहरांसाठी नगरपालिका आणि महानगरपालिका.

आणि माझा सोबती? कामगारांचा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत येतो. म्हणजे त्यावर संसदही कायदा करू शकते आणि विधिमंडळही. अपघाताच्या भरपाईचा केंद्रीय कायदा तेव्हा १९२३ सालचा होता. हमालांसाठी राज्याने केलेला माथाडी कायदा १९६९ चा. सोबत्याचा पाय चेचला तो त्यानंतर वीस वर्षांनी! तो आपल्या जिल्ह्यास, आपल्या धंद्यास लागू आहे काय, एवढे विचारण्याइतकेही ज्ञान आम्हांपाशी नव्हते.

मित्रहो, कायदा दिल्लीस किंवा मुंबईस होतो. तो भडगावास आपल्या पायांनी चालत येत नाही. म्हणून रोजाने जाणाऱ्याने निदान एवढे करावे: हजेरीपुस्तकात आपले नाव आहे काय ते पाहावे, मजुरीची पावती मागावी, आणि जिल्ह्याचे कामगार कार्यालय कोठे आहे ते विचारून ठेवावे. आम्ही ते विचारले नव्हते.